दातांचा गुरुवार

‘नाव?’ मी विचारलं.

‘कावेरी.’

‘वय?’

‘नऊ पूर्ण.’

‘वडिलांचं नाव?’

खिडकीच्या गजांपलीकडून माझ्या बायकोनं, शालननं, माझ्याकडे पाहिलं.

‘तुम्हाला आठवत नसेल तर सांगते,’ ती म्हणाली.

रांगेत तिच्या मागं गुरुवारच्या बाजाराला आलेली पंचवीस-तीस माणसं उभी होती. त्यांतली पुढची चार-पाच हसली. मी हसलो नाही. खैरापूरच्या ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपर खिडकीत बसून मला तेव्हा चौदा वर्षं झाली होती, आणि समोर कुणीही आलं तरी नाव, वय, वडिलांचं नाव विचारल्याशिवाय मी कागद फाडत नसे. मान खाली घालून मी ‘वसंत लोणारे’ असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

‘विभाग?’

इथं शालन गप्प झाली. घरून निघताना तिनं मनाशी घोकलं असणार, ‘खोली नंबर नऊ’. पण मागं बाजार उभा होता. तिनं ओठ हलवले, आवाज आला नाही. तिच्या पदराआडून कावेरी माझ्याकडे बघत होती. हा माणूस ओळखीचा आहे हे आज दाखवायचं की नाही, याचा तिला अंदाज येत नसावा.

मी शालनकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, आणि विभागाच्या रकान्यात लिहिलं : दात.

मग नियमाप्रमाणे पुकारा केला. आमच्याकडे नाव, गाव आणि विभाग या तिन्ही गोष्टी खिडकीतून मोठ्यानं सांगायची पद्धत होती. हॉलच्या दुसऱ्या टोकाला गजरामावशी बसायच्या, त्यांना ऐकू जायला हवं. त्या माणसाला बरोबर त्या दारापर्यंत नेऊन सोडत. मध्ये बसलेल्या शंभर जणांनाही सगळं ऐकू जाई. कुणाला मूळव्याध आणि कुणाला खरूज हे अख्ख्या तालुक्याला माहीत असायचं ते त्यामुळंच.

‘कावेरी लोणारे, खैरापूर, दाताऽऽत!’

‘पोरीच्या दाताला काय झालं वं, भाऊसाहेब?’ रांगेतून कुणीतरी विचारलं.

‘कीड,’ मी म्हणालो. ‘बापावर गेलीय. गोड फार खाते.’

माझी मुलगी कुणावर गेली होती ते सांगणं अवघड होतं. घरात तिचं तोंड मिटत नसे. शेजारच्या सुतारकाकूंनी तिची बडबड भिंतीपलीकडून ऐकू येते म्हणून रेडिओ लावणं सोडलं होतं. पण उंबरा ओलांडला की तिचं तोंड मिटायचं ते परत उंबऱ्याच्या आत येईपर्यंत. शाळेत दोन वर्षांत तिनं एक शब्द उच्चारला नव्हता. गुरुजींनी आधी चॉकलेट देऊन पाहिलं, मग छडी, मग पुन्हा चॉकलेट. वर्गातली पोरं तिला मुकी म्हणायला लागली. जूनमध्ये मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं, की एप्रिलपर्यंत पोरगी तोंडी परीक्षेला बोलली नाही तर दाखला घेऊन जा आणि मिरजेला मुक्या मुलांच्या शाळेत घाला.

‘ती मुकी नाही हो, सर.’

‘असं सगळेच पालक म्हणतात,’ ते म्हणाले. ‘आम्ही तरी कशावरून समजायचं?’

म्हणून खोली नंबर नऊ.

फेब्रुवारीत आमच्या दवाखान्यात एक नवीन खातं उघडलं होतं. ‘बाल व कुटुंब मनःस्वास्थ्य केंद्र’, दर गुरुवारी, दहा ते चार. पूर्वी त्या खोलीत मोडक्या खाटा आणि कुटुंबनियोजनाची जुनी पोस्टरं ठेवलेली असायची. दर गुरुवारी जिल्ह्याहून एसटीनं तांबोळी मॅडम यायच्या. नसीम तांबोळी, वय असेल अठ्ठावीस-एकोणतीस, खांद्याला एक कापडी पिशवी. पिशवीत खडू, सागरगोटे, चिंध्यांच्या बाहुल्या आणि स्वतःचा डबा. पाच महिने त्या डबा खायच्या आणि परत जायच्या. पेशंट येत नव्हते. कारण गावानं त्या खोलीला पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं होतं : स्क्रूची खोली. ज्याचा स्क्रू ढिला, त्यानं तिकडं जायचं. कुणाच्या पोराला घेऊन नऊ नंबरात जाताना दिसलं की संध्याकाळी पारावर विचारणा व्हायची, ‘काय, आवळून आणला का?’

दातांचं खातं आठ नंबरात होतं, अगदी शेजारी. आणि आठ-नऊच्या मध्ये, खाटांच्या काळात ये-जा करायला ठेवलेलं एक दार होतं. कावेरी दाताच्या खोलीत गेली, त्या दारातून पलीकडं गेली, तासाभरानं परत त्याच वाटेनं बाहेर आली. कुणाच्या बापाला पत्ता लागला नाही. म्हणजे, तिचा सोडून.

दाताचे डॉक्टर उपळेकर. त्यांना या गोष्टीचा राग यायला हवा होता. पण त्यांच्या खुर्चीचा कॉम्प्रेसर दोन वर्षं बंद होता. दात किडला तर ‘मिरजेला जा’ असं लिहून देण्यापलीकडं त्यांना काम नव्हतं. दोन वर्षांत त्यांच्याकडं कुणी आपणहून आलेलं पोर म्हणजे माझी मुलगी.

‘येऊ द्या हो,’ ते म्हणाले. ‘खुर्चीवर बसवतो थोडा वेळ. वर जाते अजून ती.’

हे सगळं इथंच राहिलं असतं. पण तिसऱ्या गुरुवारी खिडकीशी बायजाक्का आली. बायजाक्का कासारीण, बाजारात बांगड्यांचं दुकान मांडायची. बरोबर नात, सोनाली. या पोरीचा बाप वर्षापूर्वी न सांगता निघून गेला होता. तेव्हापासून ती शाळेच्या मधल्या सुट्टीत पळून एसटी स्टँडवर जाऊन बसायची. आलेली प्रत्येक गाडी बघायची.

‘विभाग?’

बायजाक्का गजांना नाक लावून म्हणाली, ‘तुमच्या पोरीचा लिवला त्योच.’

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं.

‘दात,’ मी लिहिलं.

‘दातच,’ ती म्हणाली. ‘लई दुखत्यात बिचारीचे.’

बाहेर पडताना मात्र तिनं उपळेकरांच्या टेबलावरचा कापसाचा बोळा उचलला आणि नातीच्या गालात कोंबला. ‘दाताला गेलं म्हनल्यावर खूण नको का काई?’ ही तिची कल्पना. पुढच्या गुरुवारपासून आठ नंबरातून बाहेर पडणारं प्रत्येक पोर गालात कापूस धरून यायला लागलं. आया तर दोन्ही गालांत धरायच्या. हळूहळू ही वाट एकीनं दुसरीला सांगितली. कुणाचं पोर अंथरूण ओलं करायचं, कुणाचं आगीला भ्यायचं. एका घरी बाप पिऊन आला की पोरगी धान्याच्या कणगीत जाऊन बसायची. सगळ्यांना दात. सात महिन्यांत खैरापूर तालुक्यानं जेवढा कापूस चावला, तेवढा वऱ्हाडात कुठल्या बैलानंही चावला नसेल.

मी मॅडमना विचारलं होतं. ‘असं खोटं लिहितोय, चालेल ना?’

‘ते येतायत ना?’ मॅडम म्हणाल्या. ‘तुम्ही लिहा, भाऊसाहेब. मी माझ्या कपाटात खरं लिहून ठेवते.’

कावेरीशी मॅडम बोलतच नसत. म्हणजे, ‘बोल’ असं म्हणत नसत. पहिले दोन महिने दोघी नुसते सागरगोटे खेळल्या. मग कावेरीनं उपळेकरांकडचा प्लास्टरचा जबडा उचलून आणला. दात कसे घासायचे ते दाखवायला ठेवलेला, उघडझाप करणारा, मागं स्क्रूनं जोडलेला. एकदा वाजवला की हो, दोनदा वाजवला की नाही. अशा रीतीनं माझी मुलगी घराबाहेर पहिल्यांदा कुणाशीतरी बोलायला लागली. शालन मला रात्री जेवताना सांगायची, ‘आज अकरा वेळा हो म्हणाली, चार वेळा नाही.’ कावेरी पानावरून म्हणायची, ‘पाच वेळा, आई. एकदा तुझं लक्ष नव्हतं.’

जानेवारीत, संक्रांत झाल्यावरच्या गुरुवारी जिल्ह्याचं पत्र आलं. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि घेऊन नऊ नंबरात गेलो. पुढच्या दारानं. चार वाजून गेले होते, हॉल रिकामा होता.

पत्र असं होतं : केसपेपर खिडकीच्या नोंदीनुसार सात महिन्यांत मनःस्वास्थ्य केंद्रात एकूण सहा रुग्ण. श्रीमती तांबोळी यांच्या स्वतःच्या अहवालात मात्र एकशे ब्याण्णव. सबब श्रीमती तांबोळी यांनी फुगवलेल्या आकड्यांबाबत खुलासा तयार ठेवावा. पुढील गुरुवारी डॉ. शेंबेकर तपासणीस येतील. रुग्णसंख्या समाधानकारक न आढळल्यास केंद्र बंद करण्यात येईल. खाली एक ओळ आणखी होती. दंत विभागाचं काम जिल्ह्यात सर्वोत्तम असल्यानं डॉ. उपळेकरांना स्वतंत्र अभिनंदनपत्र सोबत.

मॅडमनी पत्र हातात घेतलं, पण वाचलं नाही. त्यांचा चेहरा वेगळाच दिसत होता.

‘भाऊसाहेब, बसा. आज ती बोलली.’

‘जबडा?’

‘जबडा नाही. कावेरी. तोंडानं. आख्खं वाक्य.’

मी लहान मुलांच्या स्टुलावर बसलो. ते फार खाली होतं.

‘काय म्हणाली?’

‘मी तिला विचारलंय, बाबांना सांगू का म्हणून. तिनं एकदा वाजवला. म्हणून सांगते.’ त्यांनी टेबलावरचा जबडा माझ्याकडे सरकवला. ‘तो मागचा स्क्रू ती फिरवत बसली होती. फिरवता फिरवता म्हणाली, स्क्रू आवळताना दुखतं का?’

‘मग?’

‘मला वाटलं, या जबड्याबद्दल विचारतेय. मी म्हटलं, प्लास्टरला कुठलं दुखायला? तर म्हणाली, नाही, माझा आवळाल तेव्हा.’



‘गावात या खोलीला काय म्हणतात ते मला माहितीय,’ मॅडम म्हणाल्या. ‘कुणीतरी गमतीनं म्हणालं असेल. पण ती सात महिने इथं येतेय ना, ती दर गुरुवारी वाट बघतेय. आज आवळतील म्हणून.’

आता सांगतो. कुणीतरी म्हणजे मी.

खैरापुरात धुळवडीला फिशपाँड टाकायची चाल होती. गावातल्या प्रत्येक मान्यवराला एक ओळ चिकटवायची आणि ती वर्षभर त्याच्या अंगाला राहायची. ती सगळी मी लिहायचो. चौदा वर्षं खिडकीत बसून माणसं बघितलेली. कच्चा माल भरपूर होता. फेब्रुवारीत केंद्राची फीत कापली, त्या दिवशी चहाच्या वेळी सगळे बोर्डाखाली उभे होते. मी हातातली बशी वर करून म्हणालो, ‘चला, आता ज्यांचे स्क्रू ढिले असतील त्यांना लांब जायला नको. खोली नंबर नऊ. पाना मात्र आपापला आणायचा.’ लोक इतके हसले की सरपंचांचा चहा नाकात गेला. आठवडाभर मला लोक रस्त्यात थांबवून ते पुन्हा म्हणायला लावायचे. मीही म्हणायचो. त्या दिवशी माझ्या बोटाला धरून कावेरी उभी होती. पेढा खात होती. ती काही बोलली नाही, पण बाहेर ती कधी बोलायची?

मी त्यांच्या हातातल्या पत्राकडं बोट दाखवलं.

‘पत्रात काय आहे?’ मॅडमनी विचारलं आणि मग वाचलं. वाचून घडी घातली. ‘म्हणजे तिचं पुढचं वाक्य ऐकायला मी इथं नसणार,’ एवढंच म्हणाल्या.

‘तुमची कपाटातली वही दाखवा ना त्यांना. खरी नावं आहेत त्यात.’

‘ती नावं मला विश्वासानं सांगितलेली आहेत, भाऊसाहेब. मी नाही दाखवणार.’

त्या आठवड्यात मी बऱ्याच युक्त्या काढल्या. मी स्वतःला युक्तीबाज समजत असे. शेवटची युक्ती अशी, की तपासणीच्या दिवशी सगळ्यांनी एकदाच, फक्त एकदाच, नऊ नंबर असं लिहू द्यायचं. बुधवारी बायजाक्काच्या पथारीवर गेलो. तिनं ऐकून घेतलं. हातातल्या बांगड्यांचा डझन बांधत राहिली.

‘आक्का, नाहीतर केंद्र बंद होईल. सोनालीचं काय?’

‘सोनाली आता शाळंत ऱ्हाती. तीन महिनं झालं, स्टँडवर गेली न्हाई,’ ती म्हणाली. ‘बंद झालं तर परत जाईल, ते मला ठावं हाय. पन भाऊसाहेब, आदी तुमच्या पोरीचा लिवा. मग माज्या नातीचा.’

‘माझ्या पोरीचा… तिचे दात…’

‘तिचे दात?’ बायजाक्का म्हणाली. ‘गेल्या बाजारी हितं बसून तिनं आख्खा ऊस दातानं सोलला. कांडं मला दिलं एक. वर हसली. बत्तीशी बघितली मी तिची, भोपळ्याच्या बियांवानी पांढरी.’

मी उठलो.

‘आन् एक,’ ती मागून म्हणाली. ‘तुमी गावाला हसवलं म्हनून आमी कापूस चावतोय. तवा ह्ये तुमचंच काम हाय.’

गुरुवारी डॉ. शेंबेकर अकरा वाजता आले. किडकिडीत, वक्तशीर माणूस. हातात स्वतःची पाण्याची बाटली. माणूस वाईट नव्हता. त्याचा आकड्यांवर विश्वास होता, आणि आकडे मी दिलेले होते.

ते आधी आठ नंबरात गेले. हॉलमध्ये बाकांवर सव्वीस पोरं, बरोबर आया, आज्या. काही बाप. काहींनी घाबरून कापूस आत जायच्या आधीच गालात धरला होता.

‘आजच्या एका दिवसात सव्वीस?’ शेंबेकर म्हणाले. ‘कमाल आहे. एवढे दात किडतात इथं?’

‘पाणी,’ उपळेकर म्हणाले. ‘पाण्यात काहीतरी असावं.’

‘खुर्ची चालते?’

‘वर जाते, साहेब.’

‘आणि खाली?’

‘खाली पण येते. तिच्या सवडीनं.’

शेंबेकरांनी बॅटरी मागवली. पहिल्या बाकावरच्या पोराला म्हणाले, ‘आ कर, बाळ.’ पोरानं आ केला. आत कापूस निघाला. तो काढून त्यांनी बॅटरी फिरवली. मग दुसरं पोर. मग तिसरी, ती सोनाली. तिनं इतका मोठा आ केला की साहेब मागं सरले. चौथी कावेरी होती. तिनं तोंड उघडलं नाही. शालननं तिच्या पाठीवर हात ठेवला, तरी नाही. साहेब पुढं गेले.

नऊ पोरं बघून झाल्यावर त्यांनी बॅटरी विझवली.

‘डॉक्टर, तुमची ट्रीटमेंट फारच प्रभावी दिसते. एकालाही कीड नाही.’

‘थँक्यू, साहेब,’ उपळेकर म्हणाले आणि घाम पुसला.

‘मग हे सगळे इथं कशाला आलेत?’

नऊ नंबराच्या दारात तांबोळी मॅडम उभ्या होत्या. शेंबेकर त्यांच्याकडं वळले.

‘आणि तुमचे एकशे ब्याण्णव कुठं आहेत, मॅडम? वही दाखवा.’

‘वही आहे, साहेब. नावं दाखवता येणार नाहीत.’

‘मग मी काय समजायचं?’

‘जे वाटेल ते समजा,’ मॅडम म्हणाल्या. आवाज खाली होता. त्यांनी बाकांकडं एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर साहेबांना सगळं कळलं असतं. म्हणूनच त्यांनी बघितलं नाही.

‘ठीक आहे,’ साहेब म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं. ‘पुढच्या गुरुवारपासून इथं येण्याची गरज नाही.’

मी तेव्हा त्यांच्या मागं, हातात रजिस्टर घेऊन उभा होतो. चालत खिडकीत गेलो. कुलूप काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. माझ्या खुर्चीवर बसलो, सकाळचा गठ्ठा काढला, कावेरीचा कागद शोधला. विभागाच्या रकान्यातल्या ‘दात’वर आडवी रेघ मारली. नियम असा आहे, की खाडाखोड केली तर शेजारी सही करायची. ती केली. आणि चौदा वर्षांत केला नव्हता एवढ्या मोठ्यानं पुकारा केला.

‘कावेरी वसंत लोणारे! खैरापूर! मनःस्वास्थ्य केंद्र, खोली नंबर नऊऽऽ!’

गजरामावशी हॉलच्या टोकाला उठून उभ्या राहिल्या. त्यांना कुठं न्यायचं ते माहीत होतं, पण हलायचं कसं ते सुचेना.

बाकांच्या मागं औषधाच्या रांगेत पिठाच्या गिरणीचा बबन उभा होता. आमच्या धुळवडीच्या कंपनीतला. तो फसकन हसला. ‘काय भाऊसाहेब? घरचाच स्क्रू व्हय?’

तीन-चार जण हसले. हसू मला ओळखीचं होतं. मीच पिकवलेलं.

‘बबन,’ मी खिडकीतून म्हणालो, ‘तो शब्द माझा आहे. फेब्रुवारीत मी काढला. आजपासून मी तो परत घेतला. माझ्या परवानगीशिवाय वापरायचा नाही.’

‘आता शब्द पण परत घेता?’

‘घेतो. तुला दिलेला “पिठातला हत्ती” पण घेतो. मोकळा झालास.’

आता हसू दुसरीकडून आलं. बबन लाल झाला, आणि मग त्यालाही बहुधा बरं वाटलं. नऊ वर्षं वागवत होता तो.

कावेरी अजून बाकावरच होती. शालन उठली, तिनं हात पुढं केला. कावेरीनं तो धरला नाही. ती एकटी उतरली. आठ नंबराच्या दाराकडं बघितलं. मग खिडकीकडं, माझ्याकडं. मी मान हलवली, एकदा. ती हॉलच्या मधोमध चालत गेली आणि नऊ नंबराच्या पुढच्या दारातून आत गेली. जाताना फ्रॉकच्या खिशातून प्लास्टरचा जबडा बाहेर डोकावत होता. उपळेकर तो सकाळपासून शोधत होते.

बायजाक्का माझ्या खिडकीशी आली. गालातला कापूस काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवला. ‘घ्या तुमचा दात. माज्या नातीचा कागद दुरुस्त करा. आन् मोठ्यांदा बोंबला, दबक्या आवाजात नको.’

तिच्यामागं आणखी आल्या. सगळ्या नाही. सहा जणी पोरांना कडेला घेऊन गुपचूप बाजाराकडं निघून गेल्या, आणि त्यांतल्या दोघी पुढं कधीच आल्या नाहीत. हे मी विसरलेलो नाही. कावेरी धरून बाकी वीस. मी वीस कागदांवर रेघ मारली, वीस सह्या केल्या, वीस पुकारे केले. शेवटी घसा बसला. शेंबेकर साहेब मागं उभं राहून मोजत होते.

झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण परत लावलं.

‘लोणारे, सात महिने खोट्या नोंदी केल्यात तुम्ही.’

‘होय, साहेब.’

‘मेमो मिळेल.’

‘होय, साहेब.’

‘आणि दंत विभागाचं अभिनंदनपत्र मला परत लागेल.’

‘ते मी फ्रेम केलंय, साहेब,’ उपळेकर मागून म्हणाले.

मेमो मिळाला. तो मी अजून ठेवला आहे, निवृत्तीच्या श्रीफळाशेजारी. केंद्र बंद झालं नाही. मधलं दार मॅडमनी कपाट लावून बंद करून घेतलं. कापसाची मागणी निम्म्यावर आली. धुळवडीला त्या वर्षी मी फिशपाँड लिहिले नाहीत. लोक म्हणाले, भाऊसाहेबांचं वय झालं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी कावेरीला परसात घेऊन बसलो आणि सांगितलं, की तिथं काही आवळत नाहीत. ती थट्टा माझी होती आणि ती वाईट होती. तिनं नीट ऐकून घेतलं. ‘मग पाना कशाला आणायचा होता?’ तिनं विचारलं. ‘तोही मीच म्हणालो होतो,’ मी म्हणालो. ‘तुम्ही फार बोलता, अण्णा,’ ती म्हणाली आणि आत गेली.

पुढं ती मॅडमशी बोलायला लागली, मग मॅडमसमोर सोनालीशी. मार्चमध्ये मॅडम शाळेत जाऊन गुरुजींशी बोलून आल्या. परीक्षा आठ दिवसांवर होती आणि काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं.

त्या महिन्यातला शेवटचा गुरुवार. बाजार भरलेला, रांग दारापर्यंत. शालन नव्हती, तिनं बायजाक्काबरोबर पाठवलं होतं. दोघी पोरी पुढं आणि बायजाक्का मागं. मी वर न बघता कागद ओढला.

‘नाव?’

उत्तर आलं नाही. म्हणून वर बघितलं. गजांच्या खालच्या आडव्या पट्टीवर हनुवटी टेकवून कावेरी उभी होती. मी बायजाक्काकडं बघितलं, की तिनं सांगावं. बायजाक्का छताकडं बघत होती.

नाव मी स्वतःच लिहिलं. वयही लिहिलं. मग, चौदा वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं :

‘वडिलांचं नाव?’

कावेरीनं मागं रांगेकडं बघितलं. पुन्हा माझ्याकडं बघितलं.

‘तुम्हाला माहीत नाही का?’ ती म्हणाली.

आवाज बारीक होता, पण रांगेतल्या पहिल्या पाच-सहा जणांना ऐकू गेला. त्यांतलं कुणीतरी हसलं. मी पेन कागदावर टेकवलं.

‘नियम आहे,’ मी म्हणालो. ‘विचारावं लागतं.’

तिनं क्षणभर विचार केला, नियम बरोबर आहे असं ठरवलं असावं, आणि सांगितलं. आडनावासकट.